माफीचं पान

किनाऱ्यावरच्या गुन्सान शहरातल्या एका मुलींच्या शाळेत बेक मीरान पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. जिन्यात समुद्रशेवाळाच्या सुपाचा वास रेंगाळत होता. दाराशी बूट काढून तिनं शाळेच्या ढगळ सपाता पायांत सरकवल्या आणि ग्रंथपाल गूबाईंच्या मागोमाग वाचनालयात गेली. लेखिका म्हणून बोलावणं आलेली ही तिची अकरावी शाळा. तेरा-चौदा वर्षांच्या अठरा मुली बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मांडीवर मीरानचं पुस्तक होतं.

गोष्ट तशी त्या किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असलेली. सावत्र आई मुलीला टोपली देऊन ओहोटीच्या चिखलात तिसऱ्या-शिंपल्या वेचायला धाडते. मुलगी भरलेली टोपली घेऊन येते, तर सावत्र आई म्हणते, अजून रिकामीच आहे. असं दोनदा होतं. तिसऱ्या खेपेला भरती येते, आणि मुलगी परतत नाही. जुन्या गोष्टीत ती मुलगी एक अक्षर बोलत नाही. मीराननं सगळी गोष्ट तिच्याच तोंडून सांगितली आणि शेवटी तिला जिवंत घरी आणलं. वर्षभरात मुलींनी पुस्तक डोक्यावर घेतलं होतं.

"पण आजीच्या तोंडून शंभरदा ऐकलेली गोष्ट पुन्हा वाचावीशी का वाटते गं तुम्हाला?" मीराननं नेहमीचा प्रश्न विचारला.

"बाई, आजीच्या गोष्टीत सगळे तिच्याबद्दल बोलतात. तिला कुणी काही विचारतच नाही," पुढची एक म्हणाली.

"आणि घरी आम्हाला ओरडता येत नाही ना. ती आमच्या वाटचं ओरडते."

"तुला येत नाही? तुझं ओरडणं बसथांब्यावर ऐकू येतं!"

मुली खिदळल्या. मीरानही हसली. मग खिडकीशी बसलेली सोयुल नावाची किडकिडीत मुलगी म्हणाली, "मला थर्मासचा भाग आवडतो. मी तीनदा वाचला. तीनदा रडले."

बऱ्याच माना हलल्या.

पुस्तकात थर्मास नव्हता.

"वाच बरं तो भाग," मीरान म्हणाली आणि सोयुलच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. पान एकशे त्रेचाळीस. सोयुल ओळींखालून बोट फिरवत वाचू लागली: 'आईनं दवाखान्यात अर्धा प्यालेला सातूचा चहा मी त्या निळ्या थर्मासमध्ये जपून ठेवला होता. आठ महिने झाकण उघडलं नव्हतं. मी शाळेत असताना सावत्र आईनं ते उघडलं, वास घेतला आणि चहा मोरीत ओतला. कशाचा चहा आहे हे तिला माहीत होतं.'

मीरान पानाकडे बघत होती. सोयुलचं बोट जिथून सरकत होतं तिथे धुक्याचं वर्णन होतं. खाडीवर उतरणारं धुकं, बगळे, होड्यांचे दोर. तिनं स्वतः लिहिलेलं. बोट 'बगळे' या शब्दाखाली होतं तेव्हा मुलगी 'मोरीत' म्हणाली.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर, वर्षातले दहा महिने समुद्रावर. घरात मीरान आणि त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोची दहा वर्षांची दानबी. मीराननं तो चहा ओतला तेव्हा घरात दुसरं कुणीही नव्हतं. थर्मास पडून फुटला, असं तिनं दानबीला सांगितलं होतं. वर म्हणाली होती, "जपून ठेवायचास ना."

गूबाईंनी चहा विचारला. मीरान नको म्हणाली. सोयुलच्या हातातली वाचनालयाची प्रत मात्र तिनं मागून घेतली.

घरी येताच तिनं संपादक यांगना फोन लावून ते पान बघायला सांगितलं. "मीरानबाई, धुकं आहे हो," ते म्हणाले. "पहिल्या आवृत्तीतही धुकंच. बरं वाटत नाहीये का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या घरातली गारम क्लासहून आली, तेव्हा मीराननं तिला पान उघडून दिलं. गारमला तेरावं लागलं होतं. दारातच उभी राहून तिनं थर्मासचा भाग खणखणीत आवाजात वाचला, पान उलटलं, आणि पुढे वाचलं: 'मी गेल्यावर तांदळाच्या डब्यामागे तिला माझी वही सापडली. ती टेबलाशी बसली आणि उतरवून घेऊ लागली.'

मीराननं दाराची चौकट धरली. दानबी पंधराव्या वर्षी मोक्पोला आजीकडे निघून गेली होती. वही मागेच राहिली. मुलींना भुरळ पाडणारा तो आवाज, ती तडफड, ती वाक्यं त्या वहीतली होती. चार महिन्यांत पुस्तक झालं होतं. वहीत थर्मासबद्दल एवढंच होतं: 'फुटला म्हणते.'

"आणि शेवट?" तिनं विचारलं. "ती घरी येते, आईला माफ करते, दोघी जेवायला बसतात..."

"माफ?" गारमनं नाक मुरडलं. "छे हो काकू! असलं काही नाहीये. असतं तर कुणी वाचलं असतं?"

"मग काय आहे?"

"ती परत येतच नाही. नुसती सांगत राहते. म्हणून तर भारी आहे." मग गारमनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "तुम्हीच लिहिलंय ना?"

प्रत दोन दिवसांसाठी मागून ती घेऊन गेली.

शनिवारी सकाळी मीराननं तीन वर्षांत पहिल्यांदा दानबीला फोन केला. ती एका बेकरीत कामाला होती. मागून ट्रे आपटल्याचा आवाज येत होता.

"काकू?" दानबी म्हणाली. तिनं आई कधीच म्हटलं नव्हतं.

"पुस्तक वाचलंस?"

"वाचलं."

"एकशे त्रेचाळिसाव्या पानावर काय आहे?"

"आता कुठे आहे माझ्यापाशी? धुकं होतं वाटतं त्या सुमारास. पुष्कळ धुकं." मग ती म्हणाली, "वही माझी आहे हे पहिल्याच पानावर कळलं. असू दे. पण शेवटी मी तुम्हाला माफ केलंय, असं लिहिलंत. कधी केलं हो मी?"

थर्मासचं सांगायला तीच वेळ होती. मीरानच्या ओठांवर आलंही होतं.

"गोष्ट आहे ती," ती म्हणाली. "गोष्टीत असं करावं लागतं."

"हं," दानबी म्हणाली. फोन बंद झाला. पुन्हा लावला तेव्हा कुणी उचलला नाही.

रविवारी भरदुपारी गारम पुस्तक परत करायला आली. आत ये म्हटलं तरी दाराशीच उभी राहिली.

"काकू, वाढलंय हे. शेवटी कालपर्यंत कोरं पान होतं."

तिनं ते उघडून दाखवलं. मीरानला पांढरा कागद दिसला.

"वाच."

गारम वाचू लागली. "'कधी केलं हो मी?' मी विचारलं. ती म्हणाली, 'गोष्टीत असं करावं लागतं.'"

जिन्यात कुठेतरी मुळ्याच्या किमचीचा वास होता. खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

"पुढे?"

"'समोरची मुलगी पुस्तक परत करायला आली. आत ये, ती म्हणाली.'" गारमचं बोट आणखी दोन ओळी सरकलं. ओठ हलले, आवाज आला नाही. बोट थांबलं.

तिनं वर पाहिलं. मीरानच्या चेहऱ्याकडे नाही. हातांकडे.

"पुढे काय आहे, गारम?"

"काही नाही, काकू. संपलं."

तिनं पुस्तक मीरानच्या हातात दिलं नाही, खाली फरशीवर ठेवलं. पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे घेत ती आपल्या दारापर्यंत गेली.

समोरचं दार लागलं. कुलूप वाजलं. मग आतली साखळी चढवल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड वस्तू फरशीवरून ओढत आणून दाराला टेकवली गेली.