बदलीचा माणूस

हिंमत असेल तर ठेवा विश्वास. नाहीच ठेवणार म्हणा. तुम्हा पोरांचा मोबाइल सोडून दुसऱ्या कशावर बसतोय तो?

माझा धाकटा दीर. बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन. गेल्या थंडीतली शनिवारची रात्र, त्याच्या सुट्टीची. शेळी दावं तोडून पळाली, म्हणून हा टॉर्च घेऊन समुद्राकडच्या रस्त्यानं निघाला. तिथं टेकाडावर ती सिमेंटची चौकी आहे बघा, लढाईच्या वेळची. शत्रूची जहाजं येतायत का, यावर नजर ठेवायला बांधलेली. मागं एक दार, पुढं पाण्याकडं एक आडवी फट. बास, दुसरं काही नाही.

शेळी आत बसली असेल म्हणून हा वाकून शिरला. शेळी नव्हती. फटीपाशी एक माणूस उभा होता, पाठमोरा.

"बदली आली का?" त्यानं विचारलं.

आता आमच्या येड्यानं जन्मभर पाळी बदलताना जे म्हटलं, तेच तोंडातून गेलं. "आली, आली. जा तुम्ही, मी बघतो इथलं."

माणूस शेजारून गेला. पावलांचा आवाज नाही. दीर सहज फटीतून डोकावला... आणि मान वळेना.

पाय हलेनात. डोळे मिटेनात. समोर काळं पाणी. नुसतं पाणी. दार पाठीमागंच, सताड उघडं...

इकडं शेळी आपली आपण घरी आली, पण दीर नाही. माझी जाऊ निघाली शोधायला. टेकाडाखालून हाक आली, "अहो! आहात का आत?"

हाक जवळ आली तशी दिराची मान सैल पडायला लागली. तेव्हा त्याला उमगलं. ती आत आली, की हा सुटणार. आणि ती...

"येऊ नको आत!"

नवऱ्याचं ऐकणारी सून आमच्या घरात आलीच नाही कधी. पावलं दाराशी आली.

मग ह्यानं तिच्या आईला शिवी घातली. कुठली ते नाही सांगणार. तोंडं मिटा, दात दिसतायत.

पावलं थांबली. मग तरातरा चौकीला वळसा. फटीतून चप्पल आली ती खाडकन डोळ्यावर! डोळे मिटले. नजर तुटली. दीर धडपडत दाराबाहेर येऊन पडला, आणि बायकोचे पाय धरून लेकरासारखा रडला.

घरी आणून दिव्याखाली बघतो तर... ह्या कानापासून त्या कानापर्यंत, डोळ्यांवरून एक पट्टा. बरोबर फटीएवढा. उन्हानं रापून काळा पडलेला, कातडं सोललेलं. वर्षानुवर्षं ऊन खाल्ल्यासारखं. वरखाली चेहरा नेहमीचाच.

रात्री ऊन कुठलं, ते मला विचारू नका. पट्टा अजून गेलेला नाही.

काय रे, सरकून सरकून माझ्या मांडीवर बसतोस की काय? उठा. निघा आता.