आता कसा दिसतोय?

सत्त्याऐंशी साली कर्जतच्या आमच्या दवाखान्यात ऑपरेशनचा टीव्ही आला. त्याआधी डॉक्टरीणबाई दुर्बिणीला एक डोळा लावून, वाकून पोटातलं बघायच्या. आता दुर्बिणीलाच कॅमेरा लागला आणि आतलं सगळं पडद्यावर दिसू लागलं. कॅमेरा धरायचं काम माझं, शकू नर्सचं. पण पडदा नुसता लालेलाल! नस कुठली नि रक्त कुठलं, कळेना. तासाभरात डोळे चुरचुरायचे. त्यात टीव्ही कपाटावर, म्हणून मानही अवघडायची. गुरुवारपर्यंत नीट झालं नाही तर यंत्र परत पाठवीन, असं बाईंनी बजावलं.

म्हणून कशेळ्याहून टीव्हीवाला हिरामण आला. आल्या आल्या त्याने टीव्ही खाली उतरवून टेबलाशेजारी स्टुलावर ठेवला.

"भाकरी थापताना परातीकडंच बघता ना सिस्टर? मग?"

मला हसू आलं. मग त्याने माझा हात कॅमेऱ्यापुढे धरायला लावला आणि बटण पिळत राहिला.

"आता कसा दिसतोय?"

"तुमाला डोळे नायत का?"

"हायत की... पन तुमच्या डोळ्यांवर जास्त भरोसा."

चावट मेला, मी मनात म्हटलं. पण पडद्यावरचा तळवा माझाच वाटेपर्यंत तो विचारत राहिला नि मी सांगत राहिले. गुरुवारी बाईंनी मान न चोळता तीन ऑपरेशनं केली. यंत्र राहिलं.

तेव्हापासून तो दर बुधवारी रंग तपासायला येई. रंग बिघडलेला नसायचा. हे त्यालाही दिसत असेल, असं मला वाटायचं आणि बरं वाटायचं.

एका बुधवारी त्याने पुडी पुढे केली. "हिरव्या बांगड्या हायत. घालाल?"

हिरव्या म्हणजे लग्नाच्याच की! घाईघाईने पुडी सोडली... आत बांगड्या लालभडक. थट्टा केली याने माझी? डोळे भरून आले.

"या लाल हायत."

तो पांढरा पडला. कासाराकडे हिरव्या मागितल्या असत्या तर बाजारभर लग्नाची बातमी झाली असती, म्हणून रंग न विचारता स्वतःच निवडून घेतल्या, असं त्याने सांगितलं.

"लाल-हिरवा मला सारकाच दिसतो, शकू. कुनाला म्हाईत नाय. टीव्हीवाल्याला रंग कळत नाय म्हटल्यावर कोन येईल दारात?"

म्हणजे तो भरोसा खरा होता. आणि मी त्याला चावट म्हटलं होतं.

मी पुडी बांधून माझ्या खिशात ठेवली. "रविवारी कासाराकडं दोघं जाऊ. रंग मी सांगते."

"बाजारभर बातमी होईल..."

"होऊ दे."