हरकतीची मुदत

विषय: जुन्या कुपीचा ड्रायव्हर काढून टाकणे.
कोणी वापरत असल्यास नव्वद दिवसांत कळवावे.

कोणी कळवलं नाही. एक्याण्णव्या दिवशी ड्रायव्हर सांभाळणाऱ्या अनघा बिडवे यांनी त्याच्या चार हजार ओळी पुसल्या आणि माळा आवरल्यासारखं हलकं वाटून चहा टाकला.

त्या काळी मेंदूत रक्तस्राव होऊन स्मृती जाऊ लागली, की ती डॉक्टर कानामागे बसवलेल्या नखाएवढ्या स्मृतिकुपीत साठवत. कुपी चालवणारी प्रणाली कोणाच्या मालकीची नव्हती. जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळत आणि सूचना, हरकती एका सामायिक टपालयादीवर पाठवत. ड्रायव्हर म्हणजे प्रणाली आणि कुपी यांच्यातला दुभाषा. जुन्या कुपीची अनुक्रमणिका नव्या दुभाष्याला वाचता येत नाही. तो सगळी पानं कोरी समजतो आणि पहिल्या पानापासून लिहू लागतो.

मंगळवारी मिरजेहून दामोदर कुडाळकर आले. सत्तरीचे, घामेजलेले.

"ताई, त्या यादीतल्या बिडवे तुम्हीच ना? सकाळी माझी बायको शालिनी मला म्हणते, आपण कोणाकडे आलात?"

"कुपी कधीची?"

"दोन हजार एकोणचाळीस सालची. मी दोनदा कळवलं होतं."

त्यांनी फोन पुढे केला. विनंती व्यवस्थित होती. वर बायकोचा फोटो, भोवती गुलाबांची वेलबुट्टी.

स्वयंसेवकांच्या यादीत फक्त साधा मजकूर चाले. सजवलेली पत्रं यंत्र न वाचताच फेकून देई. जाहिरातींना कंटाळून तो नियम अनघाताईंनीच सुचवला होता.

"फुलांमुळे?" दामोदरराव म्हणाले.

"फुलांमुळे."

"कोरडं पत्र बरं दिसत नाही हो."

ओळी परत घालायला मिनिटही लागलं नाही. पण कुपी फक्त इतर स्वयंसेवकांनी तपासून सही केलेली आवृत्ती घेते, नाहीतर कोणीही कोणाच्याही डोक्यात शिरेल. सहीला आठ दिवस.

"तोवर त्या जे पाहतील, ऐकतील, ते जुन्यावर लिहिलं जाईल. अंधाऱ्या खोलीत ठेवा. बोलू नका."

"आणि तिनं विचारलं, तुम्ही कोण?"

"उत्तर देऊ नका."

दिवस दुसरा. यादीवर कोणीतरी: एका बाईसाठी चार हजार ओळी?

दिवस चौथा. दामोदररावांचा साधा मजकूर: रडते आहे. मी शेजारी बसून आहे. बोललो नाही.

दिवस सहावा: दार ठोठावते. बोललो नाही.

दिवस आठवा. सही झाली.

अनघाताई मिरजेला गेल्या. खिडक्या उघडल्या होत्या. शालिनीबाईंना लग्न आठवत होतं, मुलीचं बाळंतपण, भाड्याच्या तिन्ही घरांचे पत्ते. दामोदरराव प्रत्येक उत्तराला मान डोलवत होते.

"आणि लहानपणचं?" अनघाताईंनी विचारलं. कुपीची पहिली पानं तीच होती.

शालिनीबाईंनी उघड्या खिडकीकडे पाहिलं.

"लहानपणी मला एका खोलीत कोंडलं होतं. काळोख होता. मी विचारायची, तुम्ही कोण? शेजारी एक माणूस बसलेला असायचा. कधीच बोलायचा नाही."

दामोदररावांनी त्यांचा हात धरला. शालिनीबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि हात हळूच सोडवून घेतला.