भुरीचे शनिवार

टोपलीचं झाकण काढलं तेव्हा आतली मांजर चारही पाय हवेत झाडत होती. बुबुळं फिरलेली, जबडा आवळलेला, हनुवटीला फेस. सुशिलाबाईंनी टोपली टेबलावर ठेवली नाही, आदळलीच.

“मॅडम, पाहा जी! मरून राहिली माही भुरी!”

शनिवार, सकाळचे अकरा. केशोरीत डॉ. प्रेरणाचा जनावरांचा खाजगी दवाखाना होता. तिथं शेळ्या यायच्या, बैल यायचे, म्हशी तर यायच्याच. म्हातारी मांजर उराशी धरून ऑटोने धावत येणाऱ्या मात्र या एकट्या सुशिलाबाई.

प्रेरणाने सुई टोचली. कंपाउंडर कैलाशने भुरीला टॉवेलात दाबून धरलं. तीन-चार मिनिटांनी पाय थांबले, पण कान अजून फडफडत होते.

ही पहिली वेळ नव्हती. तीन आठवड्यांपूर्वीही प्रेरणाने भुरीला तपासलं होतं. चौदा वर्षांची मांजर, अधूनमधून झटके. ‘वय झालं, मेंदूचा आजार’ असं कागदावर लिहून, गोळ्या देऊन ती मोकळी झाली होती. आता तिने मानेमागचे केस बाजूला केले आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

केस तेलकट होते. मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल; गुडघेदुखीवर चोळतात ते. आणि त्या तेलाखाली आणखी एक वास, रॉकेलसारखा, नाकात जाणारा. हा वास ती रोज घ्यायची. गोठ्यातल्या जनावरांच्या गोचिडांवरचं औषध. म्हशीला त्याने काही होत नाही. मांजरीच्या कातडीला थेंब लागला तरी तिच्या नसा पेटतात.

“कैलाश, कोमट पाणी आण. भांड्यांचा साबण आण. पळ.”

दोनदा धुतलं. सुशिलाबाईंचा नवरा श्यामलाल भिंतीला टेकून उभा होता. धोतराचा सोगा डोळ्यांना लावून तो एकच विचारत होता, “वाचंल ना जी? मॅडम, वाचंल ना?” असं त्याने पाचदा तरी विचारलं असेल.

सुशिलाबाई त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्या बेशुद्ध मांजरीच्या कानाशी वाकल्या.

“भुरे, सांग त्यायले, ऑटोवाल्याले थांबव म्हना.”

श्यामलाल निमूट बाहेर गेला. प्रेरणाने कैलाशकडे पाहिलं. कैलाश याच गावचा.

“अकरा वर्ष झाले, मॅडम,” तो हळूच म्हणाला. “मंजू गेली, त्यायची पोरगी, तवापासून आजी नवऱ्याशी बोलत नाही. बोलाचं ते मांजरीले सांगते. मांजरबी मंजूचीच हाये.”

“मंजू कशाने गेली?”

“मिरगीनं.”

प्रेरणा सुशिलाबाईंकडे वळली.

“आजी, असे झटके किती वेळा आले?”

“चारदा. शनिवारीच येते जी. पाच शनिवार झाले, मधातला एक सुटला.”

“त्या सुटलेल्या शनिवारी काय वेगळं होतं?”

“काही नाही. हेमेंद्रले, माह्या पोराले, ताप होता, तो घरीच झोपून होता. नाहीतर लेक अन् सून दर शनिवारी सकाळीच मिरची-लसणाचं दुकान घेऊन बाजारात बसते.” त्यांनी भुरीच्या ओल्या पाठीवरून हात फिरवला. “मॅडम, एक गेली माही झटक्यानं. हिले जाऊ देऊ नका.”

आजाराला वार कळत नाही. माणसाला कळतो. प्रेरणाने विषाचा शब्दही काढला नाही. भुरीला रात्रभर दवाखान्यात ठेवलं आणि रविवारी दुपारी, सगळे घरी असताना, टोपली घेऊन ती आणि कैलाश सुशिलाबाईंच्या अंगणात उतरले.

सून दुर्गेश्वरी मिरच्यांचे देठ खुडत होती. प्रेरणा तिच्याशेजारीच बसली.

“तुला भुरी आवडते?”

“नाही. खोटं कायले बोलू? धानाच्या ढोलीत मुतते. दोन पायल्या तांदूळ फेकले मी.”

“तिला कधी तेल-बिल लावलंस?”

“मी?” दुर्गेश्वरीने दोन्ही हात पुढं केले. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे, काही जुने, काही ताजे. “जवळ गेली का फाडते. दोन माणसायशिवाय कोनालेच हात लावू देत नाही.”

शेजारचा टेकचंद कुंपणावरून बघतच होता. त्याला बोलवावं लागलं नाही, तो आपणहून आला.

“टेकचंदभाऊ, तुम्ही म्हणे भुरीला मारायला उठला होता?”

“उठलो ना. माह्या कोंबडीची तीन पिल्लं खाल्ली तिनं. काठी फेकून हानली. आता ते माही सावली पाहून पळते.”

“काल सकाळी कुठं होता?”

“घरीच. दर शनिवारी घरीच असतो. म्हनून तर आइकू येते.” टेकचंद दात काढून हसला. “हे आजी बोंबलते, ‘धावा जी, धावा जी!’ अन् म्हातारा असा उडी मारून धावते, जसा काल लगन झाला.”

कोणी हसलं नाही. टेकचंदला ते उशिरा कळलं.

प्रेरणा हेमेंद्रला घेऊन गोठ्यात गेली. गोठा रिकामा होता.

“म्हैस कुठं?”

“इकली. चारक आठवडे झाले.”

“गोचिडाचं औषध?”

“तुमच्याच दवाखान्यातून आनलं होतं. इकाच्या आधी बाबानं एकदा लावलं म्हशीले. शनिवारच होता तो. मंग कोनी हात नाही लावला.”

बाटली आढ्याच्या खाचेत होती. तारीख प्रेरणाच्याच अक्षरात. महिनाभर हात लागला नसता तर तिच्यावर धूळ बसली असती. धूळ नव्हती. काच बाहेरून तेलकट होती आणि तिला टोरीच्या तेलाचा वास होता.

“हे तेल घरात कोण लावतं?”

“माय अन् बाबा. दोघायचेबी गुडघे गेले.”

ती अंगणात परतली. कैलाशने टोपलीचं झाकण काढलं होतं. भुरी लटपटत बाहेर आली. दुर्गेश्वरीवर फिसकारली, टेकचंदच्या पायांना लांबून वळसा घातला आणि सरळ जाऊन श्यामलालच्या मांडीवर चढली. त्याची बोटं आपसूक तिच्या मानेमागं गेली. मांजर घुरघुरू लागली.

पशुवैद्याला ओळखायची असतात ती जनावरांची मनं, असं ती नेहमी म्हणायची. माणसाचं एवढं कुजलेलं मन तिने जवळून प्रथमच पाहिलं.

“भुरीला आजार नाही,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “तिला विष लावलं. गोचिडाचं औषध टोरीच्या तेलात कालवून, मानेमागं, जिथं तिची जीभ पोचत नाही तिथं. शनिवारी-शनिवारी.”

सुशिलाबाई उठून उभ्या राहिल्या. दुर्गेश्वरी लगेच म्हणाली, “मी नाही.”

“तू नाहीस. टेकचंदभाऊही नाहीत. तेल कातडीपर्यंत चोळलेलं होतं, केस उलटे करून, सावकाश. भुरी तुम्हा दोघांना जवळ येऊ देत नाही. ज्याच्या मांडीवर ती डोळे मिटून पडते, त्याचंच हे काम. शनिवारी हेमेंद्र आणि तू बाजारात. घरात उरली दोनच माणसं.”

“माय करंल का असं?” हेमेंद्र भडकला.

“तेच मी रात्रभर स्वतःला विचारत होते. दोघांनाही तिने जवळ येऊ दिलं असतं. मग तो सुटलेला शनिवार आठवला. हेमेंद्र, तू तापाने घरात होतास आणि त्या दिवशी झटका आला नाही. मांजर मारायची असती, तर खाटेवर पडलेल्या माणसाची अडचण कोणाला झाली असती?”

“मंग?”

“त्या दिवशी झटका आला असता तर आजींनी कोणाला हाक मारली असती?”

उत्तर टेकचंदने दिलं, तेही पुटपुटत. “पोराले.”

“पोराला. म्हणून तो शनिवार फुकट होता. पहिला झटका अपघात होता. बाबाजी, तुम्ही म्हशीला औषध लावलंत, हात नीट न धुता भुरीला मांडीवर घेतलंत. ती तडफडायला लागली. आजी घाबरल्या, घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तुमच्यासाठी हाक निघाली. धावा जी. ती हाक तुम्हाला पुन्हा हवी होती. बरोबर ना?”

श्यामलालची बोटं भुरीच्या मानेवर थांबली. हेमेंद्र “बाबा?” म्हणाला, तरी त्याने वर पाहिलं नाही.

“मेली नसती,” तो म्हणाला. “मी थेंब मोजून लावत होतो जी. दोन थेंब. काल चुकून तिसरा पडला.”

“तिला काय होत होतं ते दिसत होतं ना तुम्हाला?”

“दिसत होतं.” मग त्याचा आवाज एकदम वाढला. “अकरा वर्ष! घरात भिताड होऊन राहिलो मी. जेवाले ये म्हनाले बी मांजर. तुमाले काय समजते, मॅडम? चार हाका मारल्या तिनं मले. चार! भुरी डोळे फिरवे, अन् हे माह्या दंडाले धरे.”

त्या क्षणी प्रेरणाला त्याची कीव आली. पण मांडीवरची मांजर अजून घुरघुरत होती, त्यामुळे ती कीव टिकली नाही. तिने पुढं होऊन भुरी उचलून घेतली. भुरीने धोतरात नखं रुतवली. ती एकेक सोडवावी लागली.

“शिव्या दे,” श्यामलाल बायकोकडे वळला. “मार मले. पन बोल. आता तरी बोल.”

सुशिलाबाई अंगण ओलांडून आल्या. नवऱ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. मांजर प्रेरणाकडे होती, मधे कोणीच नव्हतं.

“मंजूच्या येळी मी तीन हाका मारल्या होत्या,” त्या सरळ त्याच्याकडे पाहून म्हणाल्या. “सैपाकखोलीतून. तुमी आइकल्या. तुमी उठले, अन् मधातलं दार लावून घेतलं. सोयऱ्यायले दिसू नये म्हनून.”

टेकचंदने मान फिरवली. त्या दिवशी मंजूला पाहायला सोयरे आले होते एवढंच गावाला माहीत होतं. दाराचं कोणाला माहीत नव्हतं.

श्यामलालने दोन्ही हात कानांवर ठेवले.

सुशिलाबाईंनी ते हात धरले, कानांवरून ओढून काढले आणि आपल्या मुठीत दाबून ठेवले. त्यांचे हात शेतात राबलेले होते, त्याला आपले सोडवता येईनात.

“बोल म्हनता ना? आइका. महिनाभरापासून तुमी तिच्या गोळ्या लपवून ठेवल्या. सोयऱ्यायले समजंल, लगन मोडंल म्हने. त्या दिवशी सकाळी तिनं मले इचारलं, माय, गोळी कुठं हाये? मी म्हनलं, बापाले इचार. ते तुमच्याजवळ आली. तुमी काय म्हनलं तिले? सांगा.”

“पुरे,” श्यामलाल म्हणाला.

“हिरवं पातळ नेसली होती. माह्यं. निऱ्या मी घालून देल्या.”

आवाज चढला नव्हता. दळणाचा हिशोब सांगावा तशा त्या एकेक गोष्ट सांगत होत्या, काही न गाळता. हेमेंद्र उठून घरात गेला. दुर्गेश्वरी मिरच्या तशाच टाकून त्याच्यामागं गेली. प्रेरणाने भुरीला टोपलीत ठेवलं. आठ दिवस ती दवाखान्यातच राहील, असं सांगायला तिने तोंड उघडलं, पण सांगायचं कोणाला?

ती कैलाशसोबत फाटकापर्यंत आली. मागं श्यामलाल आता रडत होता, लहान पोरासारखा, नाक वाहेपर्यंत.

“बस कर वो. पाया पडतो तुह्या. बस कर.”

“आत्ता तर सोयरे चाय पिऊन राहिले,” सुशिलाबाई म्हणाल्या. “मंजू पडाची हाये अजून.”