माळ्यावरची ताटं

“भात वाढू?” असं विचारत तो वाकला, त्याची नजर माझ्या रिकाम्या ताटात गेली, आणि हातातला डाव तसाच हवेत राहिला.

“वाढा की,” मी म्हटलं.

“हो… हो, वाढतो.” आणि त्याने एवढा भात वाढला की माझी रूममेट मनाली तोंडावर हात धरून हसायला लागली.

होस्टेलमधला तो माझा पहिलाच दिवस. शेलार गावाच्या जरा पुढे आमचं होस्टेल, मागच्या भिंतीला लागून कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना, त्यामुळे जेवताना सगळे ओरडूनच बोलायचे. मेसची रीत वेगळी होती. ताट-वाटी ज्याची त्याने आणायची. स्वयंपाक रंगूबाई करणार, पण वाढणार आम्ही मुलं-मुली, आठवड्याच्या पाळीने. आणि वाढणाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं.

माझ्या ताटात मधोमध कोरलं होतं – भाविक, मग एक बदाम, मग ऋतिका.

ऋतिका म्हणजे मी. भाविक म्हणजे माझं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो. आमच्या कशेळीत हळदीला आलेल्यांना काहीतरी भांडं द्यायचं असतं, आणि त्यावर नवरा-नवरीची नावं हवीतच. बाबांना हौस दांडगी. खाडीकाठची जमीन गोदामांना दिल्यापासून तर विचारूच नका. साखरपुडा झाला त्याच आठवड्यात त्यांनी ताटांची ऑर्डर देऊन टाकली. ताटं घरी आली, आणि मग भाविक मला म्हणाला, “कॉलेज आता बास कर. आमच्याकडे बायका बाहेर जात न्हायत.” तो हे इतक्या सहज म्हणाला की मीही तितक्याच सहज म्हटलं, मग मला हे लग्न नको.

घरात जे व्हायचं ते झालं. आई रडली आणि सावरली. बाबा ओरडले नाहीत, हात उगारला नाही, फक्त माझ्याशी बोलायचे थांबले. ताटं पोत्यांत भरून माळ्यावर गेली. मी होस्टेलला निघाले तेव्हा आईने त्यातलंच एक काढून हातात दिलं. “नवीन कशाला? घरात ढीग पडलाय.”

मेसमध्ये सगळ्यांनी ताट वाचलं आणि आपापसात ठरवून टाकलं की हिचं जमलेलं आहे. मी काही बोलले नाही. खरं म्हणजे ते सोयीचंच होतं. मुलं अदबीने वागायची, कुणी उगाच मागे लागायचं नाही. आणि मोडलेल्या लग्नाची गोष्ट पंगतीत बसून कोण सांगणार?

भात वाढणारा तो दर्शन. तिसऱ्या वर्षाला होता, अकलोलीच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याचा पाडा. पावसात एकदा तो घरून शेवळं, ती डोंगरातली रानभाजी, घेऊन आला आणि रंगूबाईंकडे दिली. वास आला तशी मी उठून थेट चुलीपाशीच गेले.

“यात काकडाची आंबट फळं घातली का? न्हायतर घसा धरंल सगळ्यांचा.”

दर्शनने वळून बघितलं. “तुम्हाला शेवळं माहितीयेत?”

“कशेळी काय लंडनात हाय?”

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागाहून. “तुमच्याकडे कशी करतात?”

“आई सुकी करंदी टाकते. मासळीबिगर आमचं भागत न्हाय.”

“आमची आय नुसतीच करते. पण चव… एकदा या पाड्यावर. म्हणजे, दोघं या. तुम्ही आणि ते.”

ते! माझी शेवळं तिथेच बेचव झाली.

मेसमधल्या सगळ्या मुलींना तो अगं-तुगं करायचा, मला मात्र अहो-जाहो. दुधी मला आवडत नाही, तर दुधीच्या दिवशी माझ्या ताटात न विचारता दोन फोडीच पडायच्या. भाताची बुडाला लागलेली खरवड मला आवडते हे त्याने कधी हेरलं कोण जाणे, त्याची पाळी असली की ती माझ्यासाठी राखलेली असायची. पण वाढताना नजर ताटात, माझ्याकडे नाही. मी मनालीला एकदा म्हटलं, “शिष्ट आहे.” ती म्हणाली, “शिष्ट नाही गं, सज्जन आहे. दुसऱ्याच्या बायकोकडे बघत नाही.” त्या रात्री मला ते ताट खिडकीतून भिरकावून द्यावंसं वाटलं.

एक दिवस दुपारी जेवणाच्या वेळेला लाइट गेले. लूम थांबले. सगळीकडे एकदम इतकी शांतता झाली की वाटीत पडणारी आमटीसुद्धा ऐकू आली.

“एक विचारू?” दर्शन हळूच म्हणाला. “तुम्ही कधी फोनवर दिसत नाही. भाविकराव रागावलेत का?”

“दर्शन, ते… ते ताट आहे ना…”

“हं?”

वाढताना त्याने पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं होतं, आणि माझी जीभच उचलेना. लग्न मोडलंय असं आता सांगायचं म्हणजे पुढचंही सांगितल्यासारखंच होतं – की तू मला आवडतोस. इतक्यात लाइट आले, लूम खडखडायला लागले.

“काय म्हणालात?” तो ओरडला.

“मीठ कमी आहे!” मीही ओरडले.

अशातच उन्हाळा आला. तिसऱ्या वर्षाच्या मुलांचा निरोप ठरला. दर्शनला नाशिकला बी.एड.ला जायचं होतं, निरोपाचं जेवण झालं की तो सामान घेऊन निघणार. मी रोज ठरवायचे, आज सांगते. आणि रोज नुसतीच जेवून उठायचे.

निरोपाला मुलांचे आई-वडील येणार होते. आदल्या दिवशी रंगूबाई कपाळाला हात लावून बसल्या. “लग्नसराई हाय. एकबी मंडपवाला ताटं द्यायला तयार न्हाय. एवढ्या लोकांना काय पानावर वाढू?”

मला माहीत होतं ताटं कुठे आहेत. ती आणली तर काय होईल, तेही माहीत होतं. सगळी मेस वाचणार, सगळी मेस विचारणार. विचार करत बसले असते तर धीर झाला नसता, म्हणून तिथूनच फोन लावला. आईला नाही, बाबांना.

“बाबा, माळ्यावरची ताटं पाहिजेत.”

बराच वेळ काही आवाज नाही. वर्षभर हीच शांतता ऐकत होते मी.

“कुणाला?” शेवटी ते म्हणाले.

“मेसला. पाहुणे आहेत जेवायला.”

“नावं हायत त्यांच्यावर.”

“माहीत आहे, बाबा.”

फोन बंद झाला. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी मेसच्या दारात टेम्पो उभा राहिला. बाबा स्वतः उतरले, स्वतः पोती उतरवून घेतली, सगळी ताटं घासूनपुसून लखलखीत केलेली. पंगत बसली. पोरं ताटातलं वाचायला लागली, मग शेजारच्याच्या ताटातलं, मग माझ्याकडे बघायला लागली. कुजबूज वाढली. मी आमटीची बादली धरून उभी.

“काय बघता रं?” बाबांचा आवाज लूमच्याही वर चढला. “माझ्या पोरीची ताटं हायत. लगीन मोडलं, ताटं थोडीच मोडलीत? जेवा पोटभर!”

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, “आमटी वाढ. उभी का?” वर्षभरानंतर समोरासमोर बोललेले तेवढेच शब्द, आणि मला रडूच आलं.

माझी वाढण्याची पाळी, म्हणून मी शेवटी जेवायला बसले. शेजारी कुणीतरी रिकामं ताट घेऊन येऊन बसलं. दर्शन. निरोप त्याचा, मान पहिल्या पंगतीचा, आणि तो अजून उपाशी.

“मोडलं?” त्याने विचारलं.

“मी मोडलं. तू यायच्या… म्हणजे मी इथे यायच्या आधीच.”

“आणि मी वर्षभर त्या भाविकचा हेवा करतोय!” तो कपाळाला हात लावून म्हणाला. मग ताटावरून बोट फिरवत म्हणाला, “ऋतिका, हे ताट मी नाशिकला नेऊ?”

“त्यावर दुसऱ्याचं नाव आहे.”

“अर्धंच. तेवढं घासून काढतो. तिथे… माझं घालू?”

माझ्या छातीत सगळे लूम एकदम सुरू झाले.

“तू आवडतोस मला,” मी म्हटलं. “शेवळं आणलीस तेव्हापासून. पण नावं घालायची घाई नको, दर्शन. मला शिकायचंय, तुलाही. आमच्याकडे एकदा घाई झाली तर अख्खा माळा भरला.”

तो हसला – आधी डोळे, मग ओठ. “मग पावसात ये पाड्यावर. शेवळं खायला. एकटी ये.”

“येईन.”

“ऋतू!” पलीकडून बाबांनी हाक मारली. “त्या पोराला वाढ ग. उपाशी निघंल.”

मी डाव उचलला. रंगूबाईंनी भांड्याच्या बुडाशी राखलेली खरवड आधी घातली, वर भात वाढत गेले. तो “पुरे, पुरे” म्हणत राहिला आणि मी वाढतच राहिले, दोन्ही नावं आणि मधला बदाम भाताखाली दिसेनासा होईपर्यंत.