पाच अंशांचं इंजिन

सोमवारी दुपारी तीन वाजता बेलापूरच्या शिवारातून पोलिसांना फोन आला. पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीत वैजनाथ खर्डे मरून पडले होते.

फौजदार ज्योती शिरसाठ पोचल्या, त्याच वेळी वैजनाथांचा धाकटा भाऊ छगनही वहिनीला घरून घेऊन आला. त्यानं आपल्या जीपचं दार उघडताच आतली गार हवा ज्योतींच्या अंगावर आली.

“मीच बघितलं, मॅडम,” छगन म्हणाला. “जेवण झालं की दादा एसी लावून गाडीत झोपायचा. हाका मारल्या, उठलाच न्हाई. मग मीच इंजिन बंद केलं. झटकाच आला असंल.”

ज्योती गाडीत वाकल्या. वैजनाथांचे गाल लालसर गुलाबी दिसत होते. मेलेल्या माणसाचे असे दिसत नाहीत.

संध्याकाळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी कारण सांगितलं. रक्तात धुराचा विषारी वायू भरला होता.

मंगळवारी ज्योतींनी गाडी तपासायला भिमाजी मेकॅनिकला बोलावलं. त्याचा चेहरा उतरला होता.

“काल सकाळी त्यांचा फोन आल्ता. गाडी काळा धूर टाकतीय, पेट्रोलचा वास येतोय. मी म्हनलं, उद्या आणा.”

त्यानं इंजिन सुरू केलं. मागून काळा लोट निघाला. थोड्या वेळानं इंजिन बंद करून त्यानं प्लग काढले. चारही काजळीनं माखलेले. एअर फिल्टर मात्र स्वच्छ होता. पेट्रोल सोडणारे इंजेक्टरही ठीक होते. मग त्यानं स्कॅनर जोडला आणि बघतच राहिला.

“मॅडम, हे वाचा.”

इंजिनचं तापमान पाच अंश.

बाहेर एक्केचाळीस अंश ऊन होतं. इंजिनला हात लावला तर पोळत होता.

“इंजिन गार हाय असं गाडीला वाटतंय, म्हणून ती जादा पेट्रोल सोडतीय. ते पुरतं जळत न्हाई, विषारी वायू वाढतो.” भिमाजीनं वायरीवरची चिकटपट्टी सोलली. तापमान सांगणाऱ्या सेन्सरची जोडणी तोडून तिथं कायम गारव्याचाच आकडा दाखवणारा एक बारीक रेझिस्टर सोल्डरनं जोडला होता. धुराच्या पायपाचे नट ढिले होते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातलं रबरी बूचही गायब होतं; त्या भोकातून धूर थेट आत जात होता.

“आपोआप झालं असेल?”

“एखादी गोष्ट झाली असती. तिन्ही न्हाई. आणि हा सोल्डरचा टाका रोज वायरीचं काम करणाऱ्या हाताचा हाय.”

ज्योतींनी वैजनाथांची बायको छबूबाई हिला विचारलं, “गाडी शेवटी कुणाकडे होती?”

“शनिवारी छगनभावजींनी नेली. एसीत गॅस भरायला.”

“त्यानंतर तुम्ही बसलात?”

“रविवारी लग्नाला गेल्तो. डोकं लई दुखलं, ओकारी आली. भावजीच चालवत हुते. त्यांना काय झालं न्हाई. एसी बाधतो म्हनून त्यांची काच सगळी खाली हुती.”

“वैजनाथांना कसली काळजी होती?”

“येत्या गुरुवारी कोर्टात साक्ष हुती त्यांची.”

दुपारी छगनच्या, जळक्या मोटरींना नवी तार गुंडाळून द्यायच्या रिवाइंडिंगच्या दुकानाची झडती झाली. मग त्याला ठाण्यात वहिनीसमोर बसवलं.

“शनिवारी गाडी तुमच्याकडे होती,” ज्योती म्हणाल्या. “शहरातल्या एकाही एसीवाल्याकडे ती गेली नाही. एसी बाधतो म्हणता, पण काल जीपमधून काचा लावून, एसी चालू ठेवूनच आलात. रविवारी काच उघडी ठेवलीत, कारण आत काय येतंय हे तुम्हाला ठाऊक होतं. गाडीतल्यासारखेच रेझिस्टर आणि काढलेलं बूच तुमच्या दुकानात सापडलंय.”

ज्योतींनी जुन्या अपघाताची फाईल उघडली.

“फेब्रुवारीत उसाच्या फडात ट्रॅक्टरखाली सापडून ऊसतोड करणारी बाई गेली. ड्रायव्हर चालवत होता असं तुम्ही लिहून दिलंत. तुम्ही पिऊन चालवत होतात, हे वैजनाथांनी पाहिलं होतं आणि गुरुवारी ते कोर्टात तेच सांगणार होते.”

“पाया पडलो त्याच्या,” छगन ओरडला. “सख्खा भाऊ! एक शब्द फिरवला असता तर काय बिघडलं असतं? आता कोन सांगनार हाय? हाय का कोनी?”

“मी सांगनार,” छबूबाई म्हणाली.

छगननं मान वर केली.

“त्या दिवशी बांधावर यांच्यासंगं मीबी हुते, भावजी. घरचं मानूस म्हनून गप बसले. हे म्हनायचे, तू नको येऊस कोर्टात, मी एकटा पुरे.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मी तवाच बोलले असते, तर ह्यांना एकट्याला मारून तुमचं काय साधलं असतं?”

हवालदारानं कागद पुढे ओढला आणि जबाब देणाऱ्याचं नाव विचारलं.

“आधी ट्रॅक्टरखाली गेली तिचं लिहा,” छबूबाई म्हणाली. “भागूबाई.”