मागच्या पत्र्यावरची थाप

मळवलीच्या बंगल्यावर त्या संध्याकाळी पाहुणे नव्हते आणि वीजही नव्हती. बंगला सांभाळणारे हौशीराम आबा ओट्यावर पाय पसरून बसले होते. त्यांची नात प्रेरणा पायरीवर बसली होती, आणि लोणावळ्याहून सुट्टीला आलेली तिची आत्येबहीण समीक्षा भिंतीला टेकून.

"आबा, भुताची खरी गोष्ट सांगा हं. मागच्या वेळची खोटी होती," समीक्षा म्हणाली.

"खोटं बोलायला मी काय इलेक्शनला हुबा हाय?" आबा हसले. "नथूची सांगतो. माझ्या वाडीतला नथू, आंदर मावळातला. प्रेरणाच्या बापाचं वऱ्हाड त्याच्याच जीपमधनं आलतं. उजव्या हाताचं पैलं बोट न्हवतं त्याला. इंजिनच्या पंख्याच्या पट्ट्यात गेलतं. उरलेल्या चार बोटांनी गाडी अशी हाकायचा, बघत बसावं."

प्रेरणाने नकळत आपलं पहिलं बोट मुठीत दुमडून घेतलं. आबा सांगू लागले.

गेल्या वर्षीची देवदिवाळी होती. सकाळी नथूचा मुलगा संदेश जीपचं इंजिन टेम्पोत घालून तळेगावच्या गॅरेजात देऊन आला. येताना त्याने तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि गंज सोडवायचं तेल आणलं. जीपची चाकं त्याने आधीच काढली होती. चार दगडांवर ती अंगणात उभी होती. पंधरा वर्षं गोठ्यामागे पडून तिचा रंग कुठला होता हेही कळत नव्हतं. तळाच्या पत्र्यातून गवत वर आलं होतं.

लोक संदेशला म्हणत, भंगारात घाल. त्याचं एकच म्हणणं होतं, "गाडी उठली की बाप उठंल."

कारण नथू पंधरा वर्षं नुसता बसून होता. एका श्रावणातल्या रात्री त्याच्या बायकोला, मुक्ताबाईला, कळा सुरू झाल्या. शेजारची भागुबाई सोबतीला येणार होती, लुगडं बदलून येते म्हणाली, पण नथू तिच्यासाठी थांबला नाही. मुक्ताबाई मागे एकटी आडवी झाली. सात वर्षांचा संदेश पुढे बापाशेजारी बसला. धरणाच्या कडेने जाताना मागून पत्र्यावर थाप पडली.

नथूची जीप वडापची, म्हणजे भाड्याने माणसं भरून नेणारी; अशा जीपला घंटी नसते. मागच्याने पत्र्यावर एक थाप मारली की थांबायचं. दोन मारल्या की निघायचं. सगळ्या मावळाला हे ठाऊक आहे.

एक थाप पडली. नथूला वाटलं, थांबण्यात वेळ जाईल, त्यापेक्षा दवाखाना गाठू. थोड्या वेळाने पुन्हा एक पडली. मग पुन्हा एक. तळेगाव जवळ आलं तसं मागे सगळं शांत झालं. दवाखान्यात पोचले तर बायकोही गेलेली आणि पोटातलं पोरही.

तिला काय हवं होतं? पाणी? कुणाचा हात? ते कुणालाच कळलं नाही.

देवदिवाळीच्या त्या संध्याकाळी संदेश मागच्या पत्र्यावरचा गंज घासत होता. खालून जरा चांगला पत्रा लागला, तसा त्याला हुरूप आला. मान वर करून बघतो तर बाप घरातून बाहेर आलेला. आपणहून. भिंत धरत धरत नथू जीपपाशी आला आणि पुढच्या सीटवर, सीट कसली, नुसत्या स्प्रिंगांवर, जाऊन बसला. स्टिअरिंगवर त्याने हात ठेवले.

संदेशला आभाळ ठेंगणं झालं. पोरगा चार वर्षं वडापवर मागे लटकून मोठा झालेला. सवयीचा हात. पत्र्यावर दोन थापा मारल्या त्याने आणि ओरडला, "चला, जाऊ द्या ड्रायव्हरसाहेब!"

नथूचा चेहरा उतरला.

"असं करू न्हाई बाळा," तो म्हणाला. "मागं कोन बसलंय ते बघितल्याबिगर दोन थापा देऊ न्हाई."

"मागं कोन न्हाई, बा. गवत हाय नुसतं."

"बघितलंस?"

संदेशने बघितलं नव्हतं. तो हसला आणि बापाला हात देऊन घरात घेऊन गेला. पंधरा वर्षांत बाप एवढं बोलला होता, यातच तो खूश होता.

रात्र अंधारी होती. आदल्याच दिवशी अमावास्या झालेली. घरोघरचे दिवे विझले. संदेश पडवीत झोपला होता.

थाप.

त्याला जाग आली. थंडीने पत्रा आकसला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. कुशीवर वळला.

थाप.

एकच. मग बराच वेळ काही नाही.

थाप.

तो उठला. घरात बापाची वाकळ मोकळी पडलेली. अंगणात आला. जीपमध्ये पुढे कुणीतरी बसलं होतं.

"बा?"

"गप." नथूचा आवाज अगदी हलका आला. "हाक मारतीय ती."

"बा, गाडीला इंजिन न्हाई. चाकं न्हाईत. चला आत."

"म्हनूनच. आज तरी थांबता यील."

नथूने पाय दाबला. गंजलेला ब्रेक कुरकुरला.

"थांबलो गं," तो म्हणाला. "उतर. काय हवं ते सांग..."

कुणी उतरलं नाही.

कुत्रंही भुंकेना. संदेशला मागे बघायचं होतं. मान वळेना.

"मुक्ते... थांबलो ना मी..."

काही नाही.

आणि मग मागच्या पत्र्यावर पडल्या...

एक.

दोन.

नथूचा हात गिअरवर गेला.

"बा, नको!" संदेश धावला. त्याने बापाचा हात धरला. हात गार होता. आत्ता गार झालेला नव्हे... कधीचा गार. पाय ब्रेकवरून उचललेला. नजर समोर, रस्त्यावर. अंगणात रस्ता कुठला?

हौशीराम आबा थांबले. समीक्षा एव्हाना प्रेरणाच्या शेजारी सरकली होती.

"सकाळी मीच गेलतो मातीला," ते म्हणाले. "पोरानं घासलेल्या पत्र्यावर पंजा उठलेला. आतनं भाईर. बाईमानसाचा, बारीक. पोरानं हातोड्यानं सपाट केला. दुसऱ्या दिशी परत उठला. मग त्यानं हातच लावला न्हाई. इंजिन आनायला बी गेला न्हाई. आता हिंजवडीला वॉचमन हाय. जीप भंगारात गेली, पर तेवढा पत्रा भंगारवाला घेईना. मी आनला, लाकडं झाकायला."

"कुठली लाकडं?" समीक्षाने विचारलं.

आबांनी बॅटरी लावली. ओट्याच्या कोपऱ्यात, त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर, लाकडांच्या ढिगावर तो पत्रा होता. सगळा पुन्हा गंजलेला. फक्त पंजापुरता उघडा, वर आलेला. पाच बोटं. बारीक.

प्रेरणा कधी फारसं बोलत नाही. ती बघत राहते. तिने आबांच्या हातातली बॅटरी घेतली आणि उजेड पत्र्याच्या कडेला नेला.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही एकाच पंजाचं सांगितलंत."

"एकच हाय की."

त्यांनी वाकून पाहिलं.

बारीक पंजाच्या शेजारी दुसरा होता. रुंद, पुरुषाचा. ताजा, आत्ताच उठल्यासारखा. बोटं चार होती.

"दोघं मागं?" समीक्षा कुजबुजली. "मग पुढं कोण बसलंय?"

आबांनी प्रेरणाच्या हातातली बॅटरी घेऊन विझवली.